उपाशी ओळ आणि काकीचा गुडघा

आधी इंदूकाकीचं नाव घेते, मग काय घडलं ते सांगते. लिहिताना आधी देवाचं नाव घ्यावं म्हणतात, पण परमुलखात मला खोली देवानं दिली नाही, इंदूकाकीनं दिली. आडनाव छापायला तिची बंदी आहे. "आडनांव घातलें काय अर्दो गांव म्हणटलो, ती आमची काकी. फुकटचीं नातीं कित्याक जाय?" फुकटची नाती तिला नकोत. तेव्हा नुसतीच इंदूकाकी. पेडणे तालुक्यात, तुये आणि मोपा यांच्या अधेमधे, सड्याच्या पायथ्याशी तिचं घर. सडा म्हणजे वरचं जांभ्या दगडाचं उघडं माळरान. घरामागे फणस, फणसामागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे ती भानगड, जिच्याबद्दल लिही म्हणून मेधाताई माझ्या मागे लागली आहे.

मी निफाडकडची. आठवी अर्धी असताना शाळा सुटली आणि हातात द्राक्षाची कात्री आली. कोणावर राग नाही. शाळेलाही माझी फार आठवण आली नसणार. छाटणी, डिपिंग, मणी विरळणी, वेलीचं जमिनीच्या वर जे काही करता येतं ते सगळं मी केलं. जमिनीखाली काय चाललंय याची चौकशी आमच्याकडे कोणी करत नाही. वेल मेली की उपटतात, तेवढीच काय ती मुळांची भेट.

नवऱ्याला तुयेच्या कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं म्हणून आम्ही गोव्यात आलो. गावी बातमी सांगितली तेव्हा बायका पदराआडून हसल्या, कारण गोवा म्हणजे त्यांच्या लेखी समुद्र आणि बाटली. मला मिळाला जांभा दगड आणि डोक्यावरून मोप्याला उतरणारी विमानं. सुरुवातीला मी प्रत्येक विमानाला मान खाली घालायची. मी मुळातच घाबरट. कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच थोडं घाबरून घेते, म्हणजे नंतर कमी घाबरायला लागतं.

नवरा कामावर गेला की मी दार लावून बसायची. एक दिवस बाहेर सायकलचा भोंपू वाजला. मला वाटलं भंगारवाला. मी फुटकी बादली घेऊन बाहेर गेले आणि त्याच्यापुढे धरली. तो होता पदेर, म्हणजे पाववाला. त्यानं बादली वरून पाहिली, खालून पाहिली आणि हाक मारली, "काकी, तुजी भाडेकरीण पावांक बाल्द दिता. घेवं?"

काकी आली ती हसत नाही आली, पेज घेऊन आली. बादलीचं नंतर गावभर सांगितलं, पण आधी पेज. मी अर्धी वाटी खाऊन म्हटलं, पुरे. तिनं वाढली. मी परत म्हटलं, पुरे. तिनं परत वाढली आणि वर मला नियम सांगितला: माणूस पहिल्यांदा 'पुरो' म्हणतो ते लाजेनं, दुसऱ्यांदा म्हणतो ते रीत म्हणून, आणि तिसऱ्यांदा म्हणाला तर त्याचा हात ताटावर आडवा आहे का ते बघायचं. नसला तर वाढायचं. तिचा दुसराही एक नियम आहे. कोणाला जेवू घातलं तर ते बोलून दाखवायचं नाही. "वाडिल्लें शीत उलयलें काय आंबता," म्हणते. म्हणजे वाढलेला भात बोलून दाखवला की आंबतो. हे दोन्ही नियम लक्षात असू द्या, पुढं त्यांनीच घोटाळा केला.

काकी बुटकी, साठी उलटलेली, आवाजानं सड्यावरची गुरं परतवणारी. फक्त उजव्या गुडघ्यापुढे तिचं काही चालत नाही. त्या गुडघ्याला ती सवत म्हणते. "हांव चल म्हणटां, ती बस म्हणटा. घोवान खरीच हाडली आसती तर तिका रांदूंक तरी लायली आसती." घोव म्हणजे नवरा, आणि हाडली म्हणजे आणली.

नोकरीही काकीनंच लावली. झालं असं की कोणा बाहेरच्या शेटनं काकीच्या कुंपणापलीकडचा उतार विकत घेतला आणि तिथं द्राक्षं लावायचं मनावर घेतलं. विमानातून उतरलेल्या पाहुण्यानं थेट मांडवाखाली बसून वाईन प्यावी, अशी त्याची कल्पना. कल्पना चांगली होती. फक्त जांभ्याला आणि पावसाला कोणी विचारलं नव्हतं. शेटला बाग जगवायची होती आणि मेधाताईला मुळं तपासायची होती, म्हणून त्यानं उताराचा एक तुकडा तिला अभ्यासाला दिला. मेधाताई डिचोलीची. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. खाणी बंद पडल्या, तेव्हापासून ट्रक दारात उभा आणि त्याच्या टपावर दुधीचा वेल. ताई म्हणायची, आमच्या घरी पहिलं संशोधन त्या दुधीवर झालं. ती मुळं आणि मातीतली बुरशी यांवर पीएचडी करत होती आणि तिला द्राक्षाच्या वेलीला हात लावलेला माणूस हवा होता. पेडण्यात असा माणूस कुठून मिळणार?

काकीनं मला कुंपणापाशी नेऊन उभं केलं. "ही घे. द्राक्षांच्या गांवची. थोडी भियेता, पूण काम करता."

मी म्हटलं, "ताई, शाळेचा दाखला आठवीपर्यंतचाही धड नाही."

ताई काही बोलायच्या आत काकी म्हणाली, "मुळांक दाखलो कोण विचारता?"

आता कामाबद्दल सांगते, कारण गावी अजून सगळ्यांना वाटतं की मी गोव्यात कपडे धुते. मी मुळं धुते. वेलीच्या बुडाशी खुरप्यानं हळू उकरायचं, केसासारखी बारीक मुळं मातीसकट काढायची, चाळणीवर धरून पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायची. जोरात धुतलं तर मूळ जातं, हळू धुतलं तर माती राहते. तान्ह्या बाळाचं डोकं धुण्यासारखं आहे. मग ती मुळं कॉस्टिकच्या पाण्यात शिजवायची, म्हणजे पारदर्शक होतात. मग शाई आणि व्हिनेगर. होय, दुकानात मिळते तीच निळी शाई. मुळाच्या पोटात बुरशी असेल तर ती शाई धरते. मग काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचं. बुरशी असली तर निळे धागे, निळे ठिपके, जणू मुळाच्या आत कोणी गोधडी शिवलीय. नसली तर नुसती रिकामी खोली.

पहिल्या दिवशी ताई म्हणाली, "आपण वेलींना बुरशी घालणार आहोत," तेव्हा मला वाटलं, आधी हिलाच कोणी द्राक्षाचं काम शिकवायला हवं. निफाडला बुरशी म्हणजे भुरी, बुरशी म्हणजे केवडा, दोन्ही वेलीचे रोग. तिच्यावर फवारण्या मारत माझी अर्धी जवानी गेली. ताईनं समजावलं. ती पानावरची बुरशी वेगळी, ही मुळातली वेगळी. मूळ जिथं पोचत नाही तिथं हिचे धागे पोचतात, दगडाच्या फटीतलं पाणी आणि खत आणून देतात, आणि बदल्यात वेल तिला आपल्यातली साखर देते.

"म्हणजे भाडेकरू," मी म्हटलं.

"हो. पण भाडं दोघंही देतात."

हे मला पटलं. काकीकडे माझंही तसंच चाललं होतं.

ताईला बघायचं होतं की जांभ्यात द्राक्ष जगवायला कोणती बुरशी कामाची. दगड एवढा कठीण की जेसीबीनं तीन लांब चर खोदले आणि ड्रायव्हर म्हणाला, चौथा खोदायचा तर आधी मला खोदा. तेव्हा तीन चर, तीन ओळी. एका ओळीत तिथलीच माती जशीच्या तशी. बाकी दोन ओळींत वाफवलेली माती, म्हणजे आत जिवंत काही उरू नये. ती वाफवायचं काम माझं. खाली पाणी, वर भोकांची जाळी, जाळीवर माती, त्यावर ओलं गोणपाट, आणि सगळं एका मोठ्या पिंपात. काकी कुंपणावरून बघायची. "तांदूळ उकडे करतात तें आयकल्लें. उकडी माती पयलेंच." दोन वाफवलेल्या ओळींपैकी एकीत ताईनं प्रयोगशाळेतून आणलेली पाकिटातली बुरशी घातली, आणि दुसरीत काही म्हणजे काहीच नाही. या शेवटच्या ओळीवर सगळ्या अभ्यासाचा भार. बुरशीशिवाय वेल कशी वाढते हे दिसलं तरच बुरशीनं काय केलं ते सांगता येणार. त्या ओळीत बुरशी शिरली तर ताईचं वर्ष गेलं, आणि ताईकडे वर्ष नव्हतं. शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपत होती. ती संपली की मीही संपले. मुळं धुणाऱ्या बाईला दुसरीकडे कुठं विचारतात?

म्हणून ताईनं नियम केले. त्या ओळीचं खुरपं वेगळं, झारी वेगळी, चपला वेगळ्या. आणि ती ओळ नियमाप्रमाणे खुरटली. पानं पिवळट, काड्या सुतळीएवढ्या. आम्ही खूश. शेजारच्या वेली मांडवाला हात लावायला निघालेल्या आणि ही ओळ कुपोषित. ताई तिचे फोटो काढायची.

काकीला ते बघवेना. "ह्या पोरांचें कितें चुकलें?"

ताईनं तिला सगळं सांगितलं. हिला मुद्दाम काही द्यायचं नाही, बुरशी तर अजिबात नाही, तुलना करायची आहे.

"म्हणजे तीं जेवतात आनी हीं तांचीं तोंडां पळयतात?"

"हो काकी. अभ्यासासाठी."

काकीनं मान डोलावली आणि आत गेली. उपाशी ओळ हे नाव तिनंच पाडलं. नंतर ताईही तेच म्हणू लागली, आणि ताईचे सरसुद्धा, फक्त सर ते म्हणताना हसत नसत.

पावसाळ्यानंतरच्या गोडी छाटणीच्या वेळी मला गावी जावं लागलं. आईचा हात मोडला होता आणि आमच्या तुकडीत एक कात्री कमी पडत होती. ताई त्याच वेळी परीक्षेसाठी बाहेर. नळ्यांचं ठिबक आपोआप चालायचं, प्रश्न फक्त गुरांचा. कुंपण होतं, पण पेडण्याच्या गाईला कुंपण म्हणजे सूचना वाटते. मी काकीला म्हटलं, "जरा लक्ष ठेव. काही करू नकोस, फक्त गुरं आत येऊ देऊ नकोस."

"माज्यार सोड," काकी म्हणाली.

जाताना काकीनं मला चुलत्यांसाठी सुके बांगडे दिले. आमचे चुलते माळकरी. त्यांनी ते दुरून बघितले आणि 'तुझी घरमालकीण मोठ्या मनाची आहे' असं म्हणून मांजराच्या हवाली केले.

परत आले तेव्हा सगळं जागच्या जागी. एकही गाय शिरली नव्हती. ओळीला थोडी टवटवी आली होती, पण पाऊस सरला होता, ऊन चांगलं पडत होतं, मी म्हटलं हवेनं असेल. काकी काहीच बोलली नाही. कशी बोलेल? तिचा दुसरा नियम आठवा.

थंडीत मुळं काढायची वेळ आली. उताराच्या वरच्या टोकाची माती कठीण, म्हणून आम्ही नेहमी खालून सुरुवात करायचो. उपाशी ओळीची खालच्या टोकाची मुळं मी काढली, धुतली, शिजवली, शाईत घातली. ताईनं काच लावली, डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, "मंदा, बघ."

गोधडीच गोधडी. रिकाम्या खोलीत बिऱ्हाड भरलेलं.

ताईनं आधी पाण्यावर संशय घेतला, मग पिंपावर, मग स्वतःवर. माझ्यावर घेतला नाही. ते मला सहन झालं नाही, म्हणून मीच घेतला. मी गावाहून आले तेव्हा निफाडच्या बागेतली माती माझ्या चपलांना होती. ओळीत जाताना मी वेगळ्या चपला घातल्या होत्या. नक्की घातल्या होत्या. घातल्या होत्या ना? असं एकदा मनात आलं की माझं काही खरं नसतं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी कारखान्यात होतो, तुझे पाय बघायला नव्हतो." ताईचे सर दोन दिवसांनी प्लॉट बघायला येणार होते. मला दिसू लागलं की ते माझ्या चपला बाटलीत घालून नेणार आणि छापणार.

मग मी एक काम केलं. परसात पिंप पेटवलं, जाळी लावली आणि तिच्यावर दोन्ही जोड चपला ठेवून वर गोणपाट झाकलं. आता उकडून काय उपयोग होता, मला विचारू नका. घाबरलेल्या माणसाला हाताशी जे असतं ते तो उकडतो.

वास पसरला. काकी गुडघा धरत आली. गोणपाट उचललं.

"मंदा, तुमच्या गांवांत हें खातात?"

मी रडायला लागले. सगळं सांगितलं. उपाशी ओळीत बुरशी शिरलीय, ताईचं वर्ष गेलं, माझ्या चपलांनी घात केला.

काकी ऐकत होती. मग अगदी सहज म्हणाली, "चपलांनी कित्याक? जेवण हांवें घातलां."

"काय घातलंस?"

"पेजेची निवळ. आनी फणसाबुडची माती, मूठ मूठ. नवी सून घरांत आयली काय जाणट्यांमदीं बसयतात, तशें. नव्या रोपाक जुन्या झाडाची माती दिली काय तें रुळता. आमच्या घरांत सगळीं झाडां तशीं लायल्यांत."

"काकी, ताईनं सांगितलं होतं ना, बुरशी घालायची नाही म्हणून."

"हांवें बुरशी खंय घातली? बुरशी पाकिटांतली. ही माती."

जुन्या फणसाखालची मूठभर माती म्हणजे बुरशीचा अख्खा गाव. पण हे तिला त्या वेळी सांगून काय करणार होते? तिनं तर वेलींची पोटं भरली होती. माझंही भरलं होतं, त्याच पेजेनं, त्याच हातानं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "काकी, तू काही बोलू नकोस. सरांना मी चपलांचंच सांगते. मला काढतील तर काढतील. तुझ्यावर येऊ देणार नाही."

"बरें," काकी म्हणाली. तिचं 'बरें' कबुलीचं कोणतं आणि दुर्लक्षाचं कोणतं, हे तिच्या घरात इतके दिवस राहूनही मला ओळखता येत नाही.

सर आले. उंच, कोरडे, खिशात पोटाच्या गोळ्या. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना जे मोजता येत नाही ते दुखतं. ओळीपाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "इथं कोणाचं येणं-जाणं असतं?"

ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. मीच पुढे झाले. "सर, माझ्या चपला. मी गावी जाऊन आले होते, तिकडच्या बागेत, आणि..."

"चपलां कसलीं?" कुंपणापलीकडून आवाज आला. काकी फणसाखालून निघालीच होती. "मास्तर, हिचें आयकूं नाकात. ही भियेली काय चपलां उकडटा. हांवें जेवण घातलां."

ताईनं कपाळाला हात लावला. सर काकीकडे वळले.

"काय घातलंत?"

"पेजेची निवळ आनी माती."

"माती किती?"

"हाताक येता तितली."

"किती वेळा?"

"भूक लागता तितले फावट."

सरांनी एक गोळी तोंडात टाकली. "प्रत्येक वेलीला?"

इथं काकी पहिल्यांदा खाली बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच अपराध दिसला, पण तो निराळाच होता. "ना मास्तर. खोटें कित्याक सांगूं? सगळ्यांक पावूंक ना. वयलीं पोरां उपाशीच उरलीं." वयलीं म्हणजे वरची, चढावरची.

"का?"

"ही सवत," काकी म्हणाली. सर मागे वळून सवत शोधू लागले, तेव्हा ताईनं गुडघा दाखवला.

मग सर जे म्हणाले त्यासाठी मी त्यांच्या साऱ्या गोळ्या माफ केल्या. "आजी, तुम्ही कुठपर्यंत पोचायचात, ते चालून दाखवाल?"

काकी निघाली. एका हातात काल्पनिक तांब्या धरून. ती प्रत्येक वेलीपाशी वाकली, प्रत्येकीला काही ना काही बोलली. अर्ध्या चढावर ओळीलगत जांभ्याचा एक धोंडा आहे, त्यावर ती धपकन बसली. "हांगा. हांगासर हांव, फुडें ती." म्हणजे इथपर्यंत काकी, पुढं सवत.

सर ताईला म्हणाले, "धोंड्याच्या खालची मुळं वेगळी घे, वरची वेगळी." ताईनं खुरपं माझ्या हातात दिलं. त्या दिवशी मी जशी मुळं धुतली तशी आजवर धुतलेली नाहीत. नवऱ्यानं शाईचे हात बघून विचारलं, मतदान करून आलीस का.

धोंड्याखालची सगळी निळी. धोंड्याच्या वरच्या मुळांची काच ताईनं लावली आणि डोळा काढून मला म्हणाली, "तू बघ, माझा धीर होत नाही." मी बघितलं. रिकामी खोली. दुसरी काच, रिकामी. तिसरी, रिकामी. आयुष्यात मी कोणाची उपासमार बघून एवढी आनंदले नव्हते.

पण म्हणून सगळं ठीक झालं असं नाही. अर्धी ओळ म्हणजे अर्धीच ओळ. सर म्हणाले, जे मोजलं नाही ते लिहिता येत नाही, आणि वरच्या तेवढ्या वेलींवर प्रबंध उभा राहणार नाही. पुढच्या पावसात परत लाव. परत वाफव. आणि या वेळी चौथा चर खोद, त्यात आजींची फणसाखालची माती घाल, मापून.

ताई ऐकून घेत होती. जीपपाशी जाऊन तिनं बाबांना फोन लावला. मी लांब होते, फक्त शेवटचं ऐकू आलं. "नाही बाबा, ट्रक विकू नका. त्याच्यावर दुधी आहे."

त्या दुपारी काकीनं तिला जेवायला बसवलं. केरीहून येणाऱ्या मासळीवालीकडची सुंगटं होती, म्हणजे कोळंबी. ताई मान खाली घालून जेवत होती, काकी समोर बसलेली. मग ताई म्हणाली, "पुरे, काकी." काकीनं वाढलं. ताई म्हणाली, "काकी, खरंच पुरे." काकीनं वाढलं. ताईनं मान वर केली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी म्हणाली, "काकी, पुरे म्हटलेलं तुला कधी कळणार गो?" पण हात काही ताटावर आडवा घातला नाही.

काकी फक्त म्हणाली, "माका सांगलें आसतें तर वयल्यांकय पावयलें आसतें." म्हणजे सांगितलं असतं तर वरच्यांनाही पोचवलं असतं. तिला शेवटपर्यंत हीच खंत.

ताईचं एक वर्ष गेलं आणि माझं एक वर्ष वाढलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. शिष्यवृत्ती संपल्यावर तिनं डिचोलीत शिकवण्या घेतल्या, सकाळी पोरं, दुपारी मुळं, आणि त्याच पैशांतून माझा पगार. जेसीबीवाला कुरकुरत आला, चौथा चर झाला. काकीनं माती मापून दिली. तिला ते फार लाजिरवाणं वाटलं. "मापून कोण वाडटा?" म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल की फणसाच्या मातीनं पाकिटाला हरवलं. नाही. काकीची ओळ पाकिटाच्या मागेच राहिली. थोडीशीच, पण मागे. ताईनं हे तिला फार जपून सांगितलं.

"उरतलीच," काकी म्हणाली. "पाकिटाक गुडघो ना."

ताईचा प्रबंध झाला. मी आता दुसऱ्या एका विद्यार्थ्याची काजूची मुळं धुते. ती द्राक्षापेक्षा उद्धट असतात. शेटनं मांडवाखाली लग्नं लावायला सुरुवात केली आहे, वेली फोटोपुरत्या. द्राक्षं येतात, पण पिकायच्या आधी बुलबुल नेतात, आणि जी उरतात ती बुलबुलांनी नाकारलेली. काकीनं एकदा एक मणी खाल्ला होता. थुंकला, आणि म्हणाली, "हाचे परस बिमलां बरीं." बिमलं म्हणजे बिलिंबी, नुसती नजर पडली तरी दात आंबतात. मी म्हटलं, काकी, खरं द्राक्ष असं नसतं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी परत पाववाल्याला बादली देतेय.

ते माझ्या जिवाला लागलं आहे. ज्या बाईनं परक्या वेलींना पेज पाजली, तिनं गोड द्राक्ष वेलीवरून तोडून खाल्लेलं नाही. तेव्हा हे छापील लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. एका हंगामात मी इंदूकाकीला निफाडला नेईन. आमच्याकडे जमीन सपाट आहे, चढ नाही, सवतीला तक्रारीला जागा नाही. चुलत्यांना आधीच सांगून ठेवलंय की बांगडे आले तर घ्यायचे. काकीला मांडवाखाली घोंगडीवर बसवीन आणि मीच तोडून, मीच हातावर ठेवीन. ती म्हणेल, पुरो. मी वाढीन. परत म्हणेल, पुरो. मी वाढीन. आणि तिसऱ्यांदा म्हणाली तर तिचा हात कुठं आहे ते बघीन.